रात्रीची मीडियम वेव्ह: बेळगाव, खानापूर, निपाणी, कारवारकडच्या नव्या श्रोत्यांसाठी

मीडियम वेव्हवर लांबची स्टेशनं ऐकायची म्हटलं की नवा माणूस आधी मोठी एरियल शोधायला निघतो. आपल्या भागात त्याची गरज क्वचितच पडते. अंधार पडल्यावर सिग्नल कमी नसतो, उलट नको तितका असतो. धारवाडचं आकाशवाणी केंद्र शेजारी बसलेलं, एकाच फ्रिक्वेन्सीवर दोन-तीन स्टेशनं एकमेकांवर चढलेली, आणि त्यात घरातल्या एलईडी दिव्यांची खरखर. त्यामुळे खरं काम सिग्नल वाढवण्याचं नाही, नको ते बाजूला सारण्याचं आहे. खालचा क्रम त्याच हिशोबाने लावला आहे. लूप, म्हणजे चौकटीवर वायर गुंडाळून घरी केलेली एरियल, शेवटी आहे, कारण आधीच्या पायऱ्या नीट केल्या तर कित्येकांना तो लागतच नाही.

काय काय लागतं

बॅटरीवर चालणारा मीडियम वेव्हचा सेट, इअरफोन, साधं होकायंत्र (मोबाईलमधलं चालेल), वही-पेन आणि घड्याळ. लूप करायचा असेल तर त्याचं सामान सातव्या पायरीत आहे. कागदपत्रं काही लागत नाहीत. घरगुती रेडिओसाठी पोस्टात पैसे भरून लायसन्स काढायची पद्धत केव्हाच गेली. ऐकायला परवाना नको, प्रक्षेपण करायला मात्र हवा.

१. रात्री नेमकं काय बदलतं

जमिनीपासून साधारण ६० ते ९० किलोमीटर उंचीवर डी नावाचा विद्युतभारित थर असतो. ऊन आहे तोवर तो मीडियम वेव्हची लहर शोषून घेतो. म्हणून दिवसा फक्त जमिनीला धरून सरकणारी लहर आपल्यापर्यंत पोचते. सूर्य मावळला की हा थर भराभर विरतो. मग लहर आणखी वर जाते, ई आणि एफ या थरांवरून वाकते आणि शेकडो, कधी हजार-दोन हजार किलोमीटरवर खाली उतरते. दिल्ली किंवा कोलकाता बेळगावात रात्रीच का लागतं, त्याचं कारण हे.

दिवसाच्या लहरीचं गणित जमिनीवर अवलंबून आहे. अथणी-चिकोडीकडच्या काळ्या ओल्या रानातून ती लांब जाते. खानापूर-जांबोटीकडच्या जांभ्या खडकावर आणि डोंगरात लवकर दमते. खारं पाणी सगळ्यात उत्तम वाहक, म्हणून कारवारच्या किनाऱ्यावर मुंबईची स्टेशनं दिवसासुद्धा बेळगावपेक्षा बरी ऐकू येतात. शिवाय फ्रिक्वेन्सी जितकी कमी, तितकी जमिनीची लहर लांब पोचते.

इथे नव्या माणसाचा हमखास गोंधळ होतो. बेळगावातून सांगली सरळ रेषेत ११० किलोमीटरच्या आसपास. दिवसा तिचा आवाज स्वच्छ. रात्री मात्र तोच आवाज घोगरा होतो, मधेच फाटतो, काही सेकंद बुडतो आणि परत वर येतो. सेट बिघडला असं वाटून माणूस तो दुरुस्तीला नेतो, आणि दुकानात दुपारी लावला की तो ठणठणीत. दोष सेटचा नाहीच. रात्री सांगलीची जमिनीवरची लहर आणि वरून परतलेली लहर, दोन्ही साधारण सारख्याच जोराने तुमच्या एरियलवर येतात. दोघींच्या वाटांची लांबी वेगळी, आणि वरच्या थराची उंची हलती. त्यामुळे त्या कधी एकमेकींना साथ देतात, कधी एकमेकींना मारतात. स्टेशनची मूळ वाहक लहर मारली गेली आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या, आवाज वाहणाऱ्या लहरी उरल्या, की आवाज फाटतो. धारवाडचं असं होत नाही, कारण ते जवळ आहे, ताकदवान आहे आणि ७६५ किलोहर्ट्झवर आहे. तिथे जमिनीची लहरच वरचढ ठरते. उलट हजार किलोमीटरवरच्या स्टेशनची फक्त वरची लहर येते, म्हणून ते लांब असूनही कधी कधी सांगलीपेक्षा गोड लागतं.

२. सेट निवडताना

मीडियम वेव्हसाठी सेटची वर ओढायची दांडी काहीही कामाची नाही. ती एफएम आणि शॉर्टवेव्हसाठी. मीडियम वेव्हची एरियल सेटच्या आत, वरच्या बाजूला आडवी बसवलेली असते: काळ्या फेराइटच्या रॉडवर गुंडाळलेली तांब्याची कॉइल. हा रॉड जितका लांब तितकं बरं. खिशातल्या सेटमध्ये तो बोटाएवढाच असतो. वीतभर रुंदीच्या सेटमध्ये जास्त लांब बसतो आणि फरक लगेच कळतो.

आकड्यांचा डिस्प्ले असलेला डिजिटल सेट घेतलात तर काम सोपं होतं. टेकसनचे पीएल-३१०ईटी, पीएल-३३० असे सेट पडद्यावर दोन आकडे दाखवतात. पहिला सिग्नलचा जोर, दुसरा सिग्नल खरखरीच्या किती वर आहे तो. नवखे पहिल्याकडे बघतात, बघायचा दुसरा. पहिला आकडा मोठा आणि दुसरा शून्याजवळ असेल तर तुम्ही घरातल्या चार्जरचा सिग्नल मोजताय.

डिजिटल सेट हातात आला की सगळ्यात आधी मीडियम वेव्हचं पाऊल, म्हणजे एका फ्रिक्वेन्सीवरून पुढच्या फ्रिक्वेन्सीवर जातानाचं अंतर, ९ किलोहर्ट्झवर आहे का ते तपासा. आपल्याकडे बँड ५३१ पासून ९-९ च्या पावलाने १६०२ पर्यंत जातो. अमेरिकेत पाऊल १० चं आहे, आणि बाहेरून आलेले सेट अनेकदा त्यावरच असतात. तसं राहिलं तर आपोआप शोधताना ७६५, ७९२, १०४४ अशी स्टेशनं नेमकी सापडत नाहीत. ६३०, ७२०, ८१० असे ९० च्या पाढ्यातले आकडेच जुळतात.

जुना काट्याचा सेट असेल तरी हरकत नाही. ओळखीच्या स्टेशनांपाशी पट्टीवर पेन्सिलने खुणा करा. काही पट्ट्यांवर मीटर, म्हणजे लहरीची लांबी, छापलेले असतात. ३००००० ला किलोहर्ट्झने भागलं की मीटर निघतात. ७९२ चे ३७८.८ मीटर.

३. आधी घर शांत करा

या पायरीला एक पूर्ण संध्याकाळ द्या. सेट बॅटरीवर चालवा, चार्जर काढून ठेवा. चार्जिंगला लावून ऐकणं ही सर्रास होणारी चूक आहे. मीडियम वेव्हवर निम्मी खरखर त्या चार्जरचीच असते. आता जिथे स्टेशन नाही अशा ठिकाणी काटा ठेवा, एकदा ६०० च्या आसपास आणि एकदा १४०० च्या. घराचा मेन स्विच बंद करा. खरखर पडली तर चोर घरातच आहे. एकेक एमसीबी वर करत जा, आणि ज्याने आवाज परत आला त्या खोलीतली उपकरणं एकेक करून काढा.

आवाजावरूनही बरंच कळतं. स्वस्त एलईडी बल्ब आणि त्यांचे ड्रायव्हर सलग चरचरतात. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर जाड घरघर करतो. पंखा पूर्ण वेगावर ठेवला की ती बऱ्याचदा कमी होते. इन्व्हर्टरची शिट्टीसारखी रेघ बँडभर ठरावीक अंतराने परत परत भेटते. छतावरच्या सोलरचा इन्व्हर्टर दिवसा त्रास देतो, रात्री गप्प असतो. खानापूर, हल्याळ, जोयड्याकडे रानडुकरांसाठी शेताला झटका कुंपण असतं. सेकंदाला एक ‘टक’ ऐकू आली तर ती त्याची. तारेला गवत किंवा वेल टेकला की ती टक जोरात येते. तेवढा वेल कापायला शेजाऱ्याला सांगा, त्याचंही कुंपण नीट चालेल.

मेन स्विच बंद करूनही खरखर तशीच असेल तर ती बाहेरची. खांबावरचा तडकलेला किंवा धूळ बसलेला चिनी मातीचा इन्सुलेटर हे नेहमीचं कारण. कोरड्या हवेत जास्त, पाऊस पडून गेला की कमी, असं होत असेल तर संशय पक्का. सेट घेऊन लाइनच्या बाजूने चाला, आवाज सगळ्यात मोठा जिथे होतो त्या खांबाचा नंबर टिपून हेस्कॉमच्या (वीज कंपनीच्या) सेक्शन ऑफिसला कळवा. स्वतः खांबाला हात लावू नका, काठीने तर मुळीच ठोकू नका.

लाइट गेली की गल्ली शांत होते आणि ऐकायची खरी संधी येते, पण इन्व्हर्टर असलेल्या घरांपासून लांब जा. स्लॅबच्या घरात सळ्या लहर अडवतात. गच्ची किंवा खिडकी बरी. कौलारू घरात आत बसूनही चालतं, पत्र्याखाली नाही. शक्य असेल तर सरळ शिवारात जा, विजेच्या तारांपासून शंभरेक मीटर दूर. आवाजातला फरक ऐकल्यावर एरियल घ्यायचा विचार मागे पडेल.

४. दिवसा पाया बांधा

दुपारी बारा ते तीनमध्ये बँड एकदा सगळा फिरा आणि जे लागेल ते लिहून ठेवा. ही तुमची जमिनीच्या लहरीची यादी. बेळगाव परिसरासाठी वर्षानुवर्षं ओळखीचे आकडे: धारवाड ७६५, सांगली १२५१, पणजी १२८७, रत्नागिरी ११४३, पुणे ७९२. पुणे सरळ रेषेत ३०० किलोमीटरवर, त्यामुळे दुपारी ते मिळालं तर तुमची जागा आणि सेट दोन्ही चांगले. भालकी-बिदरकडे चित्र वेगळं. तिकडे हैदराबादचं ७३८ जवळ पडतं.

रात्रीसाठी हे आकडे जवळ ठेवा: मुंबई ५५८ आणि १०४४, नागपूर ५८५, बंगळूर ६१२, इंदूर ६४८, कोलकाता ६५७, चेन्नई ७२०, राजकोट ८१०, दिल्ली ८१९, विजयवाडा ८३७, श्रीलंकेतलं पुत्तलम ८८२, तिरुवनंतपुरम ११६१. प्रसार भारतीने अलीकडे बरेच मीडियम वेव्ह प्रक्षेपक बंद केले आहेत. त्यामुळे एखादा आकडा सलग काही रात्री मुका राहिला तर सेटला दोष देऊ नका, यादीत त्याच्यापुढे फुली मारा.

काही स्टेशनांच्या शेजारी धबधब्यासारखा सपाट, जोरदार ‘हुश्श’ ऐकू येतो. ती घरातली खरखर नाही, आकाशवाणीचं डिजिटल प्रसारण आहे. साध्या सेटवर त्यातून काहीच निघत नाही, पुढे सरका.

५. सेट फिरवायला शिका

हे जमलं की निम्मं काम झालं. फेराइट रॉडची बाजू स्टेशनकडे असली की आवाज सर्वांत मोठा. रॉडचं टोक स्टेशनकडे झालं की सर्वांत लहान. मोठ्याची दिशा पसरट असते, २०-३० अंश इकडे तिकडे फरक कळत नाही. लहानाची दिशा मात्र टोकदार असते, चार-पाच अंशांत आवाज बसतो. म्हणून हवं ते स्टेशन वाढवण्यासाठी सेट फिरवू नका. नको ते मारण्यासाठी फिरवा.

सराव धारवाडवर करा. सेट लाकडी स्टुलावर ठेवा, कारण लोखंडी टेबलावर दिशा बिघडते. ७६५ लावा आणि सेट हळूहळू गोल फिरवा. एका ठिकाणी आवाज झपकन खाली बसेल. आता रॉडचं टोक कुठे आहे ते होकायंत्रावर बघा: बेळगाव शहरातून ते आग्नेयेकडे, म्हणजे १३० अंशांच्या आसपास यायला हवं. पूर्ण बसत नसेल तर सेटचं एक टोक किंचित वर उचलून बघा. एवढ्याशा तिरकेपणाने उरलासुरला आवाजही जातो.

धारवाड मेलं की त्याच्या आजूबाजूचे ७५६ आणि ७७४ मोकळे होतात. पण त्यात एक मेख आहे. बेळगावातून बंगळूर जवळपास त्याच रेषेत आहे, चेन्नई आणि पुत्तलमही फार लांब नाहीत. धारवाड मारताना ही तिघंही दबतात. रेषेचं दुसरं टोक वायव्येला निघतं, म्हणून मुंबई आणि राजकोटलाही थोडा फटका बसतो. फायदा होतो तो हैदराबाद, विजयवाडा, कोलकाता अशा ईशान्य-पूर्वेकडच्या स्टेशनांचा. तेव्हा आज कुठली दिशा ऐकायची ते आधी ठरवा. निपाणी, खानापूर, कारवार प्रत्येक ठिकाणाहून हे कोन बदलतात. नकाशावर पट्टी ठेवून स्वतःचे कोन काढा आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

घरातली खरखरही अशीच मारता येते, कारण ती बहुधा एकाच दिशेने येते. लांबच्या स्टेशनची वरून येणारी लहर मात्र पूर्ण मरत नाही. तिची दिशा आणि तिरकेपणा सारखा हलत असतो. एकाच फ्रिक्वेन्सीवर दोन लांबची स्टेशनं भांडत असतील तर मिनिटाला एकदा थोडं थोडं जुळवत राहावं लागतं.

सेटला बँडविड्थचा (एका वेळी किती रुंद पट्टा ऐकायचा त्याचा) पर्याय असेल तर शेजारचा आवाज घुसत असताना ती ३ किलोहर्ट्झच्या आसपास आणा. बोलणं बोजड होतं, पण कळतं. एसएसबी (सेटने स्वतःची वाहक लहर वापरून ऐकायची सोय) असेल तर फाटणाऱ्या आवाजावर तो उपाय आहे: शिट्टी शून्यावर येईपर्यंत बारीक ट्यून करा, मग बुडालेल्या वाहक लहरीची जागा सेट स्वतः भरून काढतो. सांगलीचा रात्रीचा घोगरेपणा याने बराच कमी होतो.

६. वेळ साधा

बेळगावात डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, जूनमध्ये सातनंतर. पण स्टेशनच्या गावी केव्हा मावळतो तेही बघा. कोलकात्यात आपल्या तासभर आधी अंधार पडतो, त्यामुळे संध्याकाळी पूर्वेची स्टेशनं आधी वर येतात. पश्चिमेची, आखाती देशांकडची, उशिरा. पहाटे पूर्वेची आधी विझतात आणि पश्चिमेची रेंगाळतात. उजेड-अंधाराच्या सीमेवरचा अर्धा तास दोन्हीकडे भरघोस असतो.

आकाशवाणीची बहुतेक केंद्रं रात्री अकराच्या सुमारास बंद होतात. त्यांच्याखाली दबलेली लांबची, विदेशी स्टेशनं मग वर येतात. त्याहून मोलाची वेळ पहाटेची. केंद्रं सहाच्या जरा आधी संकेतधुनीने सुरू होतात, आणि डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे सूर्य सातच्या आसपास उगवतो. म्हणजे तासभर अंधार, सगळी केंद्रं ताजी सुरू झालेली, आणि उद्घोषक केंद्राचं नाव, मीटर, किलोहर्ट्झ स्वतःच्या तोंडाने सांगतोय. नव्या माणसाला ओळख पटवायला याहून सोपी वेळ नाही. भाषेवरून घाईने निष्कर्ष काढू नका: हिंदी बातम्या किती तरी केंद्रं एकाच वेळी दिल्लीहून घेतात. प्रादेशिक बातम्यांची वाट बघा. सकाळी ७ वाजून १० मिनिटांनी पुण्याच्या मराठी बातम्या असतात. हिवाळ्यात सूर्य नुकताच वर आलेला असतो, त्यामुळे तेवढ्यात पुणं कसं खाली जातं तेही ऐकायला मिळतं.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे उत्तम महिने. एप्रिल-मेमध्ये वळिवाच्या विजा शेकडो किलोमीटरवरून कडाडतात आणि रात्रीच्या वरच्या लहरीबरोबर त्यांचाही आवाज आपल्याकडे येतो.

७. तरी कमी पडलं तर लूप

शिवारात, खरखर नसताना, सेट फिरवूनही स्टेशन अगदी तळाशी राहत असेल तरच हा उद्योग करा. सामान असं:

- दोन लाकडी पट्ट्या, प्रत्येकी साधारण ८५ सेंटीमीटर, अधिकच्या चिन्हासारख्या जोडायला. टोकं जोडली की ६० सेंटीमीटर बाजूचा चौकोन होतो.
- प्लास्टिक आवरणाची साधी बारीक वायर, ३३ मीटर.
- जुन्या सेटमधला गँग कंडेन्सर (दांडा फिरवून ट्यून करायचा, पात्यांचा कंडेन्सर), एका भागाचा कमाल ३६५ पिकोफॅरडच्या आसपास. रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात भंगाराच्या खोक्यात मिळतो.
- गँगच्या दांड्यासाठी प्लास्टिकचं बटण.

पट्ट्यांच्या टोकांना ५ मिलिमीटर अंतराने खाचा पाडा आणि १३ वेढे गुंडाळा. वेढे एकमेकांना चिकटवून गुंडाळायचा मोह होतो, तो टाळा. चिकटले की आपसातली धारिता वाढते आणि लूप १६०० पर्यंत पोचत नाही. वायरची दोन टोकं गँगला जोडा, एक मधल्या हलत्या पात्यांच्या सांगाड्याला, दुसरं स्थिर पात्यांना. बॅटरी नाही, सेटला वायर नाही.

सेट लूपच्या शेजारी असा ठेवा की त्याचा रॉड लूपच्या पृष्ठाला काटकोनात येईल. कमजोर स्टेशन लावा आणि गँग हळू फिरवा. एका जागी आवाज एकदम उसळतो. ५३१ पर्यंत खाली उतरत नसेल तर एक वेढा वाढवा, वरचं टोक गाठत नसेल तर एक काढा. फिरवायचं असेल तर लूप आणि सेट दोन्ही मिळून फिरवा. धारवाडजवळच्या फ्रिक्वेन्सीवर लूप सेटला इतकं पाजतो की धारवाड बँडभर भुतासारखं दिसू लागतं; तसं झालं तर सेट हातभर लांब सरकवा.

त्याऐवजी गच्चीवरून झाडापर्यंत लांब तार बांधायचा सल्ला पुष्कळजण देतात. साध्या फेराइटच्या सेटला ती जोडायला जागाच नसते, गल्लीतली सगळी खरखर ती गोळा करते, आणि वळिवात ती वीज घरात आणायचं साधन आहे. बांधलीच असेल तर ढग दिसताच सेटपासून सोडवून बाहेरच अर्थिंगला जोडा.

८. नोंद आणि अहवाल

प्रत्येक ओळीत तारीख, वेळ, फ्रिक्वेन्सी, भाषा, काय ऐकलं, सेटची दिशा आणि हवा लिहा. दर्जासाठी श्रोत्यांमध्ये सिनपो चालतं: सिग्नल, दुसऱ्या स्टेशनचा अडथळा, खरखर, चढउतार आणि एकूण, प्रत्येकाला १ ते ५ गुण, ५ म्हणजे उत्तम. रात्रीच्या सांगलीला ४३४२२ असं काहीतरी मिळेल: सिग्नल भरपूर, चढउतार वाईट, म्हणून एकूण दोनच.

स्टेशनला अहवाल पाठवून क्यूएसएल कार्ड (ऐकल्याची पोचपावती) मागायचं असेल तर किमान पंधरा-वीस मिनिटांचा तपशील द्या. ‘गाणी लागली होती’ याने काही सिद्ध होत नाही. कुठल्या मिनिटाला उद्घोषणा, कुठल्या मिनिटाला बातम्या, हे लिहा. विदेशी स्टेशनला वेळ यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) द्यायची, म्हणजे आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा. तारखेकडे लक्ष ठेवा: १५ जानेवारीच्या पहाटे २ वाजता ऐकलेलं स्टेशन अहवालात १४ जानेवारी, २०:३० असं जातं.